मानणे म्हणजे काय?

‘राइज ऑफ द गार्डियन्स’ हा २०१२ सालचा अ‍ॅनिमेशनपट मी पहिल्यांदा मुलीबरोबर घरी पाहिला, तेव्हा त्याची नोंदही करून ठेवली नव्हती. नाताळाच्या तोंडावर काढलेला, सांताक्लॉज, ईस्टरचा ससा आणि दातपरी यांना एका गाडीत कोंबणारा सणासुदीचा माल, एवढेच माझे मत झाले होते. साडेचौदा कोटी डॉलर खर्चून काढलेल्या या चित्रपटाने तीस कोटींवर गल्ला जमवला, तरी ड्रीमवर्क्सला हिशेबात तोटाच दाखवावा लागला. पुढे बालवाङ्‌मयातील भीतीविषयी टिपणे काढताना तो पुन्हा पाहावा लागला, आणि माझे मत बदलले. मी साहित्याचा रीतसर विद्यार्थी नाही. जे वाचले ते ग्रंथालयाच्या कृपेने. म्हणून या लेखात सिद्धान्त कमी आणि शंका जास्त आहेत.

विल्यम जॉइस यांच्या पुस्तकमालेवर आधारलेल्या आणि पीटर रॅम्झी यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाचा नायक जॅक फ्रॉस्ट आहे. काचेवर बर्फाची नक्षी काढणारा, नाकाचा शेंडा गारठवणारा हा पोरगा तीनशे वर्षे एकटा भटकतो आहे. त्याला कोणी मानत नाही, म्हणून तो कोणाला दिसत नाही आणि माणसे त्याच्या अंगातून आरपार चालत जातात. उलट नॉर्थ (म्हणजे सांता), बनी, टूथ आणि वाळू टाकून मुलांना झोपवणारा सँडी हे चौघे रक्षक मुलांच्या श्रद्धेवर जगतात. पिच ब्लॅक हा त्यांचा शत्रू. आपल्या भाषेत बागुलबुवा.

मानले तर असणे, न मानले तर नसणे, ही कल्पना नवी नाही. १९०४ साली लंडनच्या रंगभूमीवर ‘पीटर पॅन’ आले, तेव्हा मरू घातलेल्या परीला वाचवण्यासाठी प्रेक्षकांनाच टाळ्या वाजवायला सांगितले होते. या चित्रपटाने त्या टाळ्यांची मोजदाद सुरू केली. नॉर्थच्या वाड्यात एक प्रचंड पृथ्वीगोल आहे. त्यावरचा एकेक दिवा म्हणजे मानणारे एकेक मूल. पिच दातपरीच्या महालातून दात पळवतो, सकाळी उशीखाली नाणे सापडत नाही, आणि दिवे पटापट विझू लागतात. मला हे पाहताना सावकाराची खतावणी आठवते. नाणे मिळाले तर परी आहे, नाही मिळाले तर नाही. हिला श्रद्धा कशी म्हणावी? हा तर रोखीचा व्यवहार झाला.

शिवाय नाणे कोण ठेवते? प्रत्यक्षात आईबाप. लुइस कोलोमा या स्पॅनिश लेखकाने १८९४च्या सुमारास आठ वर्षांच्या बालराजा तेराव्या आल्फोन्सोसाठी दात नेणाऱ्या उंदराची गोष्ट लिहिली. म्हणजे राजवाड्यातही मुलाच्या दातामागे मोठ्या माणसांची खटपट होतीच. (चित्रपटात एक उंदीर युरोप शाखेचा कर्मचारी म्हणून क्षणभर दिसतो. हा विनोद मला फार आवडतो.) चित्रपटाने मात्र ही खटपट पुसून टाकली आहे. उशीखाली हात घालणारे आईबाप त्यात नाहीतच.

इथे घरातली एक गोष्ट सांगतो. मुलगी सहा वर्षांची असताना वर्गातल्या मैत्रिणींचे ऐकून तिने पडलेला दात उशीखाली ठेवला. मी दहा रुपयांचे नाणे ठेवले. तिने तेव्हाच डोळे किलकिले करून मला पाहिले होते, हे मला बऱ्याच वर्षांनी कळले. तरी पुढचे तीन दात तिने उशीखालीच ठेवले. का, असे विचारले तर म्हणाली, “बाबा, तुला आवडायचं ना.” गोलावरचा तिचा दिवा विझलेला समजायचा की पेटलेला?

चित्रपटाच्या खतावणीत या प्रश्नाला रकाना नाही. पण त्याच चित्रपटात दुसरा एक विचार दबकत वावरतो, आणि तो जॅकच्या वाट्याला आला आहे. जॅकच्या नावाने कोणी नाणे ठेवत नाही की अंडे रंगवत नाही. त्याला फक्त भाषेचा आधार. जेमी हा मुलगा थंडीत खेळायला निघतो, तेव्हा आई त्याला टोपी घालायला सांताना जॅक फ्रॉस्टचे नाव घेते. कोण जॅक फ्रॉस्ट, असे तो विचारतो. कोणी नाही रे, बोलायची पद्धत आहे, असे आई सांगते. जॅक तिथेच उभा असतो! वाक्प्रचारात उरलेल्या दैवताची इतकी नेमकी अवस्था मी अन्यत्र पाहिलेली नाही.

पुढे एका रात्री जेमी खेळण्यातल्या सशापुढे बसून खूण मागतो. ससा गप्प. बिछान्यावरचा हा प्रसंग अगदी खऱ्या प्रार्थनेसारखा घेतला आहे. मग जॅक खिडकीच्या काचेवर गोठवून आधी अंडे काढतो, नंतर ससा काढतो, तो ससा खोलीभर उड्या मारून फुटतो आणि एक हिमकण जेमीच्या नाकावर पडतो. जेमी जॅकचे नाव उच्चारतो. आई ज्याला नुसती बोलायची पद्धत म्हणाली होती, तेच नाव! पुरावा मागितला होता सशाचा, आणि हाक गेली दुसऱ्यालाच. इथे हिशेब जुळत नाही, आणि म्हणूनच हा प्रसंग श्रेष्ठ आहे.

आता पिचकडे येऊ. शेवटच्या लढाईत जेमी त्याला सांगतो, मी तुला मानतो, पण तुला घाबरत नाही. थोड्याच वेळात मुले बर्फात खेळू लागतात, पिच ओरडतो, आणि जेमी त्याच्या आरपार पळत जातो. मानतो म्हणणाराच आरपार कसा गेला? चित्रपटाच्या नियमाने तो अडायला हवा होता. ही पटकथेची चूक असेलही. मला ती उपयोगी वाटते, कारण तिने ‘मानणे’ या शब्दाचे दोन अर्थ उघडे पाडले. मराठीत आपण ‘भूत मानतो’ म्हणतो ते भूत आहे या अर्थी. आणि ‘तो वडिलांना मानतो’ म्हणतो, तेव्हा वडील अस्तित्वात आहेत की नाहीत हा मुद्दाच नसतो. त्यांना मनात जागा आहे, एवढाच अर्थ. जेमी पिचला पहिल्या अर्थाने मानतो, दुसऱ्या अर्थाने नाही. माझी मुलगी दातपरीला बरोबर उलट मानत होती.

एक तक्रार उरतेच. भीतीचा सगळा वाटा पिचच्या पदरात टाकून चित्रपटाने रक्षकांना फारच धुऊन काढले आहे. १८१६ सालच्या हॉफमनच्या कथेतला सँडमन न झोपणाऱ्या मुलांच्या डोळ्यांत वाळू फेकतो आणि बाहेर आलेले डोळे चंद्रावरच्या आपल्या पिल्लांना चारायला नेतो. त्या सँडमनचा आपला हसरा, मुका, सोनेरी सँडी झाला. दोन शतकांत रक्षक आणि राक्षस इतके वेगळे काढले गेले, की पिच अंटार्क्टिकाच्या बर्फात जॅकला आपलाही एकटेपणा सांगतो, तेव्हा त्याचे म्हणणे खरे वाटते, आणि चित्रपटाला ते पुढे कुठे न्यावे हे सुचत नाही.

हा चित्रपट जॉइस यांच्या मुलीला अर्पण केला आहे. ती २०१० साली, चित्रपट पुरा होण्याआधी वारली. हे कळल्यावर जॅकची पूर्वकथा मला पुन्हा तपासावीशी वाटली. तो आधी माणूस होता. गोठलेल्या तळ्यावर बर्फाला तडे गेले, तेव्हा त्याने खेळाच्या मिषाने धाकट्या बहिणीला काठाकडे ढकलले आणि स्वतः बुडाला. चंद्राने त्याला वर काढून नवे नाव दिले, पण जुन्या आठवणी त्याच्याकडे राहिल्या नाहीत. बहिणीचे पुढे काय झाले, हे चित्रपट सांगत नाही. ती त्याच तळ्याकाठी वाढली असेल, म्हातारी झाली असेल, नातवंडांना त्याच्याविषयी सांगत राहिली असेल. तिने तर त्याला जन्मभर मानलेच असणार. मग तो तिला तरी का दिसला नाही?