टाकीतला आवाज

रॉबर्ट पर्सिग यांच्या 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स' (१९७४) या पुस्तकावर लिहिणारे बहुतेक जण थेट त्यातल्या तत्त्वचिंतनाकडे वळतात. मला लेखकाची ताकद दिसते ती दुसऱ्याच प्रकरणात, पावसात बंद पडलेल्या एका गाडीपाशी.

निवेदक मुलगा ख्रिसला मागे बसवून मिनेसोटातून पश्चिमेला निघाला आहे. वाटेत त्याला आधीची एक फसलेली सहल आठवते. साडेसहा हॉर्सपॉवरची गाडी, तिच्यावर भरमसाट सामान, कॅनडाला जायचा बेत. मग पाऊस येतो, आणि पर्सिग तो सावकाश, तपशीलवार पाडतात. त्या पावसात गाडी बंद पडते. निवेदक ती हलवून बघतो. टाकीत पेट्रोल डुचमळल्याचा आवाज येतो. म्हणजे पेट्रोल आहे. मग प्लग, पॉइंट, कार्ब्युरेटर, आणि दमेपर्यंत किका. गाडी ढिम्म. सहल तिथेच संपते. पुढे घरी कार्ब्युरेटर काढलेला असताना ग्रीस पुसायला थोडं पेट्रोल हवं म्हणून तो टाकीचा कॉक उघडतो, तर थेंबही येत नाही. डुचमळत होतं ते रिझर्व्हचं पेट्रोल, आणि रिझर्व्ह लावायचं त्याला सुचलंच नव्हतं.

आपल्याकडे ज्यांनी कार्ब्युरेटरची गाडी चालवली, त्यांना इथे हसू आवरत नाही. अशा गाडीच्या कॉकला साधारणपणे टाकीत दोन तोंडं असतात, एक उंचावर आणि एक तळाशी, रिझर्व्हसाठी. पातळी वरच्या तोंडाखाली गेली की इंजिन उपाशी राहतं, तळाचं पेट्रोल मात्र तसंच असतं. कान खोटं बोललेला नव्हता. टाकीत पेट्रोल होतं, इंजिनपर्यंत पोचत नव्हतं, आणि निवेदकाने या दोन गोष्टी एकच मानल्या. घरच्या घरी फ्युएल फिल्टर बदलायला बसलेला जाणता माणूस याच कारणासाठी फिल्टरला दोष देण्याआधी त्याच्याकडे येणारा पाइप काढून, खाली डबा धरून, धार येते का ते पाहतो.

प्रसंगाची खरी कारागिरी रचनेत आहे. पेट्रोलचा आवाज पर्सिग लपवत नाहीत. चांगल्या रहस्यकथेतल्यासारखा पुरावा उघड्यावर ठेवतात. पण त्याआधी पाऊस इतका अंगावर येऊन गेलेला असतो की प्लगमध्ये पाणी गेलं असणार, असं आपणही मनात ठरवून टाकतो. घाईने काढलेल्या निष्कर्षाची ही गोष्ट वाचणाऱ्याकडूनही तोच निष्कर्ष काढून घेते. मग कॉक कोरडा निघतो आणि निवेदकासोबत आपणही पकडले जातो. पुस्तकातलं गुणवत्तेवरचं कुठलंही प्रवचन मला इतकं बांधून ठेवत नाही. पर्सिग संगणकाची मॅन्युअल लिहिण्याचं काम करत. 'टाकीत पेट्रोल आहे का पाहा' या रुक्ष सूचनेमागे काय काय घडू शकतं, ते त्यांना ठाऊक असणार. एकच गोष्ट खटकते. प्रसंग संपताना ते पावसावर ठपका ठेवल्याचं सांगून घाईच्या तर्कातला मूर्खपणा समजावतात. ते वाक्य मी खुशाल खोडलं असतं. कोरडा कॉक पुरेसा होता.

लगेच पुढे दुसरी गोष्ट येते. सध्याच्या, २८ हॉर्सपॉवरच्या गाडीचं इंजिन जाम होतं म्हणून ती गॅरेजमध्ये दिलेली असते. रेडिओ मोठ्याने लावून काम करणारी पोरं छिन्नी-हातोडीने गाडी बिघडवून परत देतात. मूळ दोष नंतर निवेदकालाच सापडतो: इंजिनातल्या ऑइलच्या वाटेवरची २५ सेंटची एक तुटलेली पिन, जिच्यामुळे गाडी वेगात असताना ऑइल वर पोचत नव्हतं. इथेही खोळंबा वाटेतच. क्रम उलटा असता, गॅरेज आधी आणि कॉक नंतर, तर ही मेकॅनिकांबद्दलची नेहमीची कुरकुर ठरली असती. स्वतःची फजिती आधी सांगितल्यामुळे पर्सिगना त्या पोरांना नेमकं काय विचारायचं ते उमगतं. चूक निवेदकानेही केली होती, पण ती त्याला आजही बोचते. त्या पोरांच्या चेहऱ्यावर तो बोचण्याची खूण शोधतो, आणि ती त्याला सापडत नाही.