मान्य झालेला हक्क आणि नाकारलेली मागणी : ओल्गा टेलिस निकालाची चिकित्सा

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्कात उपजीविकेचा हक्क अंतर्भूत आहे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 'ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका' या खटल्यात १० जुलै १९८५ रोजी प्रस्थापित केले. राज्यशास्त्र, विधी आणि मानवी हक्क या विषयांच्या अध्यापनात हा निकाल बहुधा या एका वाक्यापुरताच येतो. ते वाक्य चुकीचे नाही. मात्र ज्यांनी याचिका केली त्यांना न्यायालयाकडून काय मिळाले, हा प्रश्न वर्गात क्वचितच विचारला जातो. पदपथावरील व झोपडपट्टीतील आपली घरे पाडू नयेत आणि पाडायचीच असतील तर आधी पर्यायी जागा द्यावी, ही त्यांची मागणी होती. ती मान्य झाली नाही. आदेशाच्या अखेरीस याचिका 'फेटाळल्या' असा शब्द नाही, त्या 'निकाली काढल्या' असे म्हटले आहे. या शब्दभेदाच्या आड एक पराभव चाळीस वर्षे विजय म्हणून शिकवला जात आहे.

घटनाक्रम असा. १३ जुलै १९८१ रोजी तत्कालीन मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी मुंबईतील पदपथवासीयांना हटवून त्यांच्या मूळ गावी किंवा शहराबाहेर पाठविण्याची घोषणा केली आणि पोलीस यंत्रणेला महानगरपालिकेस साहाय्य करण्याचे निर्देश दिले. पावसाळ्यात उघड्यावर राहणे अमानुष आहे, अशी त्यामागील भूमिका होती. अमानुषतेवरचा उपाय म्हणून भर पावसात आडोसा काढून घेण्याचे ठरले, हा तर्क शासकीय विचारपद्धतीचा नमुनाच म्हणावा लागेल. काही रहिवाशांनी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. तेथे १५ ऑक्टोबर १९८१ पर्यंत झोपड्या पाडल्या जाणार नाहीत असे ठरले. तरीही २३ जुलै रोजी पाडापाडी झाली आणि कुटुंबांना बसमध्ये बसवून शहराबाहेर रवाना करण्यात आले. त्यानंतर रहिवासी, पत्रकार ओल्गा टेलिस आणि नागरी स्वातंत्र्यासाठी काम करणाऱ्या संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. महाराष्ट्र शासन आणि मुंबई महानगरपालिका प्रतिवादी होते. याचिकाकर्त्यांच्या बाजूने इंदिरा जयसिंग, वि. म. तारकुंडे आणि राम जेठमलानी यांनी युक्तिवाद केले.

निकालपत्रात याचिकाकर्त्यांची जी माहिती नोंदली आहे ती तत्त्वचर्चेइतकीच मोलाची आहे. एक भूमिहीन मजूर १९६१ मध्ये तमिळनाडूतील सेलम येथून आला होता. पश्चिम द्रुतगती महामार्गालगतच्या पदपथावर प्लास्टिक आणि ताडपत्रीच्या आडोशासाठी त्याने एका झोपडीदादाला अडीच हजार रुपये मोजले होते. दुसरा नगर जिल्ह्यातील संगमनेरचा. गावी चांभारकी करून दिवसाला सात-आठ रुपये मिळवणारा हा मनुष्य गावातील घर कोसळल्यावर मुंबईत आला, बदली कामगार झाला आणि तुळशीवाडीच्या पदपथावरील जागेसाठी एका गुंडाला तीनशे रुपये देऊन बसला. बांबू आणि प्लास्टिकच्या कापडाला आणखी सातशे रुपये लागले. विलेपार्ल्याच्या बाजूची कामराजनगर ही वस्ती तर महामार्गालगत जलवाहिन्या टाकणाऱ्या बांधकाम कंपनीच्या मजुरांनी १९६०-६१ च्या सुमारास उभी केली होती आणि तेथे महानगरपालिकेचे कर्मचारीही राहत होते. शहराला पाणी पुरविणाऱ्या हातांनाच शहरात अतिक्रमणकर्ते ठरविले गेले, ही विसंगती निकालपत्राच्या पानांवर आहे. न्यायालयाने मात्र तिच्यावर भाष्य केले नाही.

सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने एकमताने निर्णय दिला. मुर्तझा फझल अली, वि. द. तुळजापूरकर, ओ. चिन्नप्पा रेड्डी आणि ए. वरदराजन हे अन्य सदस्य होते. न्यायालयाने प्रारंभीच एक महत्त्वाचा आक्षेप दूर केला. पदपथावर राहण्याचा मूलभूत हक्क सांगणार नाही, असे याचिकाकर्त्यांनी उच्च न्यायालयात कबूल केले होते. म्हणून आता त्यांना तो मुद्दा मांडता येणार नाही, असे प्रतिवादींचे म्हणणे होते. मूलभूत हक्क व्यक्तीच्या कबुलीने संपुष्टात येत नाहीत, असे न्यायालयाने बजावले. पदपथवासी गुन्हेगारी हेतूने नव्हे तर नाइलाजाने अतिक्रमण करतात, हेही स्पष्टपणे सांगितले. अनुच्छेद ३९(अ) आणि ४१ यांच्या आधारे उपजीविकेवाचून जीवित नाही, हा निष्कर्ष काढण्यात आला. याच सरन्यायाधीशांनी १९७६ मध्ये आणीबाणीतील देहोपस्थिती याचिकांच्या प्रकरणात बहुमताबरोबर राहून नागरिकांना न्यायालयाचे दार बंद केले होते. हे स्मरले, म्हणजे १९८५ च्या या परिच्छेदांचे वजन लक्षात येते. चंद्रचूड दुसऱ्याच दिवशी निवृत्त झाले.

येथवर निकालाचा प्रवाह एका दिशेने वाहतो. पुढे तो वळतो आणि ते वळण तपासणे आवश्यक आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३१४ नुसार आयुक्तांना पदपथावरील अतिक्रमण 'सूचनेविना' हटविता येते. हे कलम घटनाबाह्य आहे, असा याचिकाकर्त्यांचा दावा होता. न्यायालयाने ते वैध ठरविले, पण त्याचा अर्थ मर्यादित केला. कलम आयुक्तांना अधिकार देते, सूचना देऊच नये अशी सक्ती करत नाही. सामान्यतः म्हणणे ऐकून घेतलेच पाहिजे. ऐकून घेऊन काही फरक पडला नसता, हा महानगरपालिकेचा बचाव एस. एल. कपूर विरुद्ध जगमोहन (१९८०) या निर्णयाच्या आधारे नाकारण्यात आला. तो निर्णय लिहिणारे चिन्नप्पा रेड्डी याच पीठावर होते. म्हणणे ऐकून न घेणे हीच स्वतंत्र हानी आहे, मग परिणाम काहीही असो, हे त्यातील सूत्र.

इतके मान्य केल्यावर प्रकरण आयुक्तांकडे परत जाणे क्रमप्राप्त होते. तसे झाले नाही. आयुक्तांनी नाकारलेली संधी आपण या सुनावणीत भरपूर दिली आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि प्रश्न तेथेच मिटविला. नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वाला याहून मोठा धक्का कोणता असू शकेल? आयुक्तांसमोरील सुनावणीत एकेका कुटुंबाचा विचार अपेक्षित असतो. हे घर केव्हापासून आहे, रोजगार किती अंतरावर आहे, पादचाऱ्यांना अडथळा खरोखर होतो का, मुले कोणत्या शाळेत जातात, हे प्रश्न तेथे निघतात. सर्वोच्च न्यायालयात निघाला तो कलमाच्या वैधतेचा प्रश्न, आणि तो ज्येष्ठ वकिलांनी इंग्रजीत मांडला. संगमनेरच्या त्या कामगाराचे म्हणणे तेथे कोणी ऐकले? शिवाय याचिकेत नसलेल्या हजारो पदपथवासीयांना तर ही 'भरपूर संधी' कोणत्याही अर्थाने मिळाली नव्हती. हक्क व्यक्तीचा मानायचा आणि सुनावणी समूहाची, तीही प्रतिनिधींमार्फत, पुरेशी समजायची, हा तर्कातील दोष निकालाच्या गौरवात झाकला गेला आहे.

पर्यायी जागेच्या बाबतीतही हेच दिसते. पर्याय देणे ही हटविण्याची पूर्वअट नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. १९७६ च्या गणनेत नोंद असलेल्यांना मालवणी किंवा अन्य सोयीच्या ठिकाणी जागा द्याव्यात, वीस वर्षांहून जुन्या व सुधारणा झालेल्या वस्त्या सार्वजनिक प्रयोजनाखेरीज हलवू नयेत, हे दिलासे दिले गेले आणि ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, म्हणजे पावसाळा संपेपर्यंत, कारवाई थांबविण्यात आली. जीविताचा हक्क असा नोंदीच्या तारखेला बांधला गेला. झोपडीधारकांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्रात पुढे १ जानेवारी १९९५ आणि नंतर १ जानेवारी २००० अशा ज्या तारखा आल्या, त्यांची विचारपद्धती या आदेशातील गणनेच्या निकषाहून वेगळी नाही. या तारखा निवडणुकीच्या राजकारणाने ठरविल्या हे खरे. पण तारखेने हक्क ठरतो या कल्पनेला न्यायालयीन प्रतिष्ठा त्याआधीच मिळालेली होती.

हा विषय मुंबईचा म्हणून मराठवाड्याने बाजूला ठेवावा असा नाही. १९७२ च्या दुष्काळाने या विभागातील असंख्य कुटुंबांना मुंबई-पुण्याची वाट दाखविली, आणि ज्या लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले तेथे गाव सोडण्याची कारणे आजही समजावून सांगावी लागत नाहीत. शिवाय कायदाही जवळ येऊन पोहोचला आहे. १९९७ मध्ये नांदेड-वाघाळा आणि २०११ मध्ये लातूर महानगरपालिका अस्तित्वात आली. दोहोंना लागू असलेल्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २३१ मध्ये आयुक्तांना 'सूचनेविना' अतिक्रमण हटविण्याचा तोच अधिकार आहे. २००८ च्या गुरू-ता-गद्दी त्रिशताब्दीपूर्वी नांदेडचे रस्ते रुंद झाले, शहराचा चेहरा पालटला. रस्तारुंदीच्या अशा प्रत्येक प्रसंगी कलम २३१ चा अर्थ १९८५ च्या निकालानुसार लावणे बंधनकारक आहे, म्हणजे आधी म्हणणे ऐकणे हा नियम आणि सूचनेविना कारवाई हा अपवाद. जो विद्यार्थी या निकालातून केवळ 'उपजीविकेचा हक्क' हे दोन शब्द घेऊन बाहेर पडतो, त्याला आपल्या वस्तीसमोर यंत्र उभे राहिल्यावर नेमके काय मागायचे हे माहीत नसते.

लातूर जिल्ह्याचा एक अनुभव या निकालाशेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावांचे संपूर्ण स्थलांतर करून पुनर्वसन झाले. जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या त्या कार्यक्रमात घराचे आकारमान जमीनधारणेनुसार ठरले. ही विषमता टीकेस पात्र आहे. तरीही भूमिहीन कुटुंबालाही २५० चौरस फुटांचे घर मिळाले. गावातील घर कोसळलेल्या संगमनेरच्या कामगाराला कोणत्याही योजनेने विचारले नव्हते. निसर्गाने घर पाडले तर ते बांधून देणे हे शासन आपले काम मानते. शासनाने स्वतः पाडले तर पर्यायी जागा ही पूर्वअट ठरत नाही. या दोन भूमिकांची सांगड घटनेच्या कोणत्या अनुच्छेदाने घालायची, याचे उत्तर निकालात सापडत नाही. राज्यावर उपजीविका पुरविण्याची सक्ती करता येत नाही, पण असलेली उपजीविका न्याय्य रीतीविना हिरावता येत नाही, असा जो भेद न्यायालयाने केला, तो या ठिकाणी अपुरा पडतो. कारण पाडणे ही पुरविण्यातील कसूर नसून हिरावण्याची थेट कृती आहे.

नंतरच्या काळात संसदेने फेरीवाल्यांसाठी २०१४ मध्ये स्वतंत्र कायदा केला. त्यात हटविण्यापूर्वी तीस दिवसांच्या नोटिशीची तरतूद आहे. पदपथावर विकणाऱ्यास जे मिळाले ते पदपथावर झोपणाऱ्यास मिळाले नाही. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायमूर्ती भूषण गवई आणि के. व्ही. विश्वनाथन यांच्या पीठाने घरे पाडण्याच्या मनमानी कारवायांविरुद्ध देशव्यापी निर्देश दिले. पंधरा दिवसांची पूर्वसूचना, वैयक्तिक सुनावणी, कारणांसह लेखी आदेश आणि नियमभंग करणाऱ्या अधिकाऱ्यांची व्यक्तिगत जबाबदारी, असे त्यांचे स्वरूप आहे. १९८५ मध्ये तत्त्वतः मान्य होऊन प्रत्यक्षात न मिळालेली सुनावणी येथे तपशिलासह आली आहे. मात्र त्याच निर्देशांत एक अपवाद आहे. रस्ता, गल्ली, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी वा जलाशय अशा सार्वजनिक ठिकाणच्या अनधिकृत बांधकामांना हे निर्देश लागू नाहीत.