मैनासुंदरीची पिशवी

कार्तिक, फाल्गुन, आषाढ. वर्षातून तीनदा अष्टाह्निक पर्व येतं आणि त्या आठ दिवसांत आपल्या बस्तीत कधीतरी मैनासुंदरीची कथा निघतेच. तुम्हां सगळ्यांना ती तोंडपाठ आहे. उज्जैनच्या राजाची ही मुलगी. माणूस आपल्या कर्माचं फळ भोगतो, बापाच्या मेहेरबानीवर जगत नाही, असं ती भर दरबारात वडिलांना ऐकवते. वडील चिडतात आणि कुष्ठरोगी श्रीपाळाशी तिचं लग्न लावून देतात. ती सिद्धचक्राची पूजा करते, गंधोदक शिंपडते. श्रीपाळ बरा होतो, त्याचे 700 सोबतीही बरे होतात.

कथा मला आवडते. राजाला तोंडावर उत्तर देणारी मुलगी आपल्या पुराणात आहे याचा अभिमानही वाटतो. पण लग्न आणि पूजा यांच्यामध्ये कथेत एकच वाक्य येतं : तिनं पतीची मनोभावे सेवा केली. झालं. सांगणारा पुढे गेला. त्या एका वाक्यात काय काय होतं? जखमांचे कपडे कुणी धुतले? पाणी कुणी गाळलं, किती वेळा? 700 आजारी माणसं दारात असताना चूल कधी विझली असेल का? पूजेचं सगळं साहित्य आपल्याला माहीत आहे. सेवेचं साहित्य कुणीच सांगत नाही.

हीच सवय आपल्या सिनेमालाही लागली. 'दिल एक मंदिर' (1963) आमच्या आईच्या पिढीनं पदर ओला करत पाहिला. नवऱ्याला कॅन्सर, बायको दवाखान्यात सोबतीला, आणि उपचार करणारा डॉक्टर म्हणजे तिचं लग्नाआधीचं प्रेम. नवऱ्याचं नाव राम, तिचं सीता, मग वेगळं काही सांगायलाच नको. मीनाकुमारी सुंदर रडते, त्यात वाद नाही. पण सिनेमाला एकच काळजी आहे, बाईच्या मनात कोण आहे? तिच्या हातात काय आहे हे कॅमेरा बघत नाही. शेवटी ऑपरेशन यशस्वी होतं आणि मेहनतीनं थकून कोण मरतं, तर डॉक्टर. थकण्याचा मानही तिला मिळाला नाही.

'आनंद' (1971) फार मोठा सिनेमा. पण त्यातला आनंद सडाफटिंग आहे. बायको नाही, पोरं नाहीत, मागे कर्ज नाही. राहायला डॉक्टर मित्राचं घर, मायेला मेट्रन. म्हणूनच त्याला एवढं छान बोलायला फुरसत मिळते. त्याला बायको असती तर ती त्या सगळ्या वेळात कुठे असती? माझं उत्तर आहे, कुठल्या तरी खिडकीपुढच्या रांगेत.

आमच्या घरी हा आजार आला तेव्हा ह्यांच्या सहा केमो झाल्या, दर 21 दिवसांनी एक. केमोच्या दिवसाबद्दल सगळे विचारतात. खरा दिवस आदल्या दिवशीचा. त्यातला एक सांगते.

पहाटे पाणी गाळून उकळून ठेवलं. सातला लॅबचा मुलगा रक्त घेऊन गेला, कारण पांढऱ्या पेशी कमी निघाल्या तर उद्याची केमो पुढे जाणार. दहाला बँक. ठेव मोडायची होती, पहिलं नाव ह्यांचं. औषधांनी बोटांना मुंग्या आलेल्या, सही जुळेना. फॉर्म घेऊन परत घरी, दुसरी सही, परत बँकेत. तिथून विम्याचं ऑफिस. रेशनकार्ड कन्नडात, विम्याचा फॉर्म इंग्रजीत, माझं डोकं मराठीत आणि आडनावाचं स्पेलिंग तीन कागदांवर तीन तऱ्हेचं. 'मॅडम, हे चालायचं नाही की हो.' मग झेरॉक्स, प्रतिज्ञापत्र, शिक्का. दुपारी औषधाचं दुकान. पेशी वाढवायचं इंजेक्शन थंडच राहायला लागतं, म्हणून बर्फाची पिशवी घरूनच नेलेली. ते फ्रीजमध्ये पडेपर्यंत जीव थाऱ्यावर नव्हता. चारला रिपोर्ट, मग दवाखान्यात फोन, मग उद्या गाडी घेऊन येशील का म्हणून पुतण्याला फोन.

आणि संध्याकाळी जेवण. आपल्याकडे सूर्यास्ताच्या आत जेवायचं. पण तोंड आलेल्या माणसाला सहाला घास गिळवत नाही. भूक लागते ती रात्री नऊला. लागली की तीच वेळ खरी, पुन्हा लागेलच असं नाही. अशा वेळी काय करायचं हे मैनासुंदरीच्या कथेत नाही. आमच्या सासूबाईंनी 40 वर्षं रात्रिभोजन केलं नव्हतं, घरात करू दिलं नव्हतं. त्या रात्री त्यांनी स्वतः उठून गॅस पेटवला आणि पातळ पेज केली. एक शब्द बोलल्या नाहीत. मला त्या पेजेत जेवढा धर्म दिसला तेवढा बऱ्याच प्रवचनांत दिसलेला नाही.

हे सगळं सिनेमात दाखवता येत नाही, कंटाळवाणं होईल, असं कुणी म्हटलं तर त्यांनी 'श्वास' (2004) पाहावा. कोकणातला आजोबा, डोळ्यांचा कॅन्सर झालेला नातू, पोराचा जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. सगळं रडू तयार असतानाही संदीप सावंत यांनी दिग्दर्शक म्हणून आधी दवाखान्यातली वाट बघणं दाखवलं. फॉर्मवर सही करायच्या आधी थबकलेला हात दाखवला. काय चाललंय ते न कळणाऱ्या म्हाताऱ्याला समजावून सांगणारी समाजसेविका दाखवली. अरुण नलावडे यांचा आजोबा मोठं भाषण करत नाही. तो विचारत राहतो, फिरत राहतो. ऑपरेशन पुढे ढकललं जातं तेव्हा पोराला डोळे भरून जग दाखवायला तो त्याला घेऊन बाहेर पडतो. ती धावपळ हेच त्याचं प्रेम. तरीही एक गोष्ट खटकते. पोराची आई मात्र गावाकडेच. म्हणजे धावपळ दिसली, पण पुरुषाची दिसली. बाई तेच करते तेव्हा ते घरकामात जमा होतं.

यात एवढं काय मोठं, असं वाटेल. मोठं आहे. जे काम कथेत नाही ते कुणाला दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून कुणी वाटूनही घेत नाही. भेटायला माणसं येतात, नारळ आणतात, चहा होईपर्यंत बसतात. केमोनंतर साधारण सात ते चौदा दिवसांत पेशी सगळ्यात खाली असतात. तेव्हा गर्दी नको, सर्दीचं माणूस तर नकोच, आणि ताप 38 सेल्सिअसवर गेला तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. बँकेच्या रांगेत मी थांबते, असं म्हणणारी शंभरात एक.

त्याहून वाईट पुढे आहे. नवरा बरा झाला तर डॉक्टरचा हातगुण, व्रताचं फळ, ह्यांची हिंमत. आणि बरा झाला नाही तर? पूजेत काहीतरी कमी पडलं असेल, असं बायकाच कुजबुजतात. बस्तीच्या पायरीवर मी हे ऐकलंय, तुम्हीही ऐकलं असेल. जिनं वर्षभर रांगा लावल्या, रात्री नऊला पेज केली, तिच्या हिशेबात शेवटी उणंच मांडायचं? कथेत कामाचा हिशेब नसला की असं होतं. मग एकच गोष्ट मोजायची उरते, गंधोदक लागू पडलं की नाही.

आणि गंमत बघा, खुद्द मैनासुंदरी असं म्हणाली नसती. ज्याचं कर्म त्याला, हे तर तिचंच म्हणणं, त्यासाठीच तिनं बापाचा राग ओढवून घेतला. नवऱ्याच्या आजाराचा दोष बायकोच्या भक्तीवर टाकणं हे तिच्याच शिकवणीच्या उलट आहे.

कथा बदला असं मी म्हणत नाही. पूजा राहू दे, गंधोदक राहू दे, त्यानं मन उभं राहतं. फक्त ते एक वाक्य फोडून सांगा. पुढच्या अष्टाह्निकेत शास्त्र वाचणाऱ्या अक्कांनी सेवेपाशी जरा थांबावं आणि समोर बसलेल्या बायकांना विचारावं, तुमच्यापैकी कुणाकुणाच्या घरी सध्या अशी पिशवी आहे, फाइलींची, रिपोर्टांची, औषधांची? ज्यांचे हात वर होतील त्यांच्यासाठी उद्या सकाळी बँकेत कोण जाईल, हेही तिथंच ठरू दे. मग पूजा सुरू करा.