‘डार्क शॅडोज’मधील तृतीय पुरुष

दुपारच्या दूरचित्रवाणी-मालिकेत भुताखेतांचे नाट्य आले म्हणजे समीक्षक सामान्यतः दोन आक्षेप घेतात: एक, भय हे गृहजीवनाच्या संथ चित्रणाशी विसंगत आहे, आणि दुसरा, दररोजच्या पुनरावृत्तीत भयाची धार बोथट होते. अमेरिकेतील एबीसी वाहिनीवर २७ जून १९६६ ते २ एप्रिल १९७१ या काळात १२२५ भागांत प्रक्षेपित झालेल्या ‘डार्क शॅडोज’ या मालिकेच्या आधारे हे आक्षेप तपासून पाहण्याजोगे आहेत.

डॅन कर्टिस यांच्या कल्पनेतून निर्माण झालेली ही मालिका आरंभी केवळ गूढरम्य कौटुंबिक कथा होती. व्हिक्टोरिया विंटर्स ही अनाथ तरुणी मेन राज्यातील कॉलिन्सपोर्ट या गावी, कॉलिन्स घराण्याच्या जुन्या वाड्यात शिक्षिका म्हणून येते. आरंभीच्या काळात प्रत्येक भागाचा प्रारंभ तिच्या प्रथमपुरुषी निवेदनाने होई. पुढे वाड्यात भुते वावरू लागली, आणि एप्रिल १९६७ मध्ये बार्नाबास कॉलिन्स हा रक्तपिपासू अवतरला. जोनाथन फ्रिड यांनी साकारलेले हे पात्र अल्पकाळासाठीच योजलेले होते. प्रत्यक्षात तेच मालिकेचे केंद्र बनले.

याचे कारण सुळे, शवपेटी वा वटवाघूळ यांत शोधणे व्यर्थ आहे. चित्रीकरण ध्वनिचित्रफितीवर जवळजवळ अखंड होत असल्याने नटांचे अडखळणे, चौकटीत डोकावणारा ध्वनिक्षेपक, हलणाऱ्या भिंती हे सर्व दोष प्रेक्षकांपर्यंत पोचत. अशा दृश्यसामग्रीवर भयानक रस उभा राहणे कठीण. तो उभा राहिला तो संभाषणावर. आणि संभाषण हाच तर दैनंदिन मालिकेचा मूळ व्यवसाय होय.

बार्नाबास वाड्यात येतो तो इंग्लंडहून आलेला दूरचा भाऊबंद म्हणून. दालनात टांगलेले अठराव्या शतकातील चित्र आपल्या पूर्वजाचे आहे असे तो सांगतो. वस्तुतः ते त्याचेच असते. त्यामुळे त्या पूर्वजाविषयी तो जे जे बोलतो ते तृतीय पुरुषात बोलतो, आणि प्रेक्षक मात्र ते प्रथम पुरुषात ऐकतो. दिवाणखान्यातील मंडळींना जो इतिहास वाटतो, तो प्रेक्षकाला कबुलीजबाब वाटतो. एकाच वाक्याचे हे दोन अर्थ एकाच क्षणी जाणवत राहणे, हा येथील भयाचा खरा विभाव आहे.

मराठी भाषकाला हा प्रकार एका साध्या शब्दाने समजावून देता येईल. ऐकीव गोष्ट सांगताना आपण ‘म्हणे’ जोडतो. बार्नाबास जोसेटच्या कड्यावरील मृत्यूची कथा व्हिक्टोरिया व कॅरोलिन यांना सांगतो, तेव्हा आरंभीचा परंपरागत कथेचा सूर हळूहळू मावळतो आणि साक्षीदाराचा सूर उमटतो. जणू कथनातील ‘म्हणे’ गळून पडतो. ऐकणाऱ्या तरुणींना केवळ कथनाची तन्मयता जाणवते. प्रेक्षकाला त्या शब्दाची अनुपस्थिती ऐकू येते. कुटुंबातील गुपित कोणास ठाऊक आहे व कोणास नाही, या प्रश्नावर प्रत्येक गृहमालिका जगते. तेव्हा पहिला आक्षेप टिकत नाही: भय येथे गृहकथेवर लादलेले नसून तिच्याच व्याकरणातून निष्पन्न झाले आहे.

दुसऱ्या आक्षेपात मात्र तथ्य आहे. नोव्हेंबर १९६७ मध्ये प्रेतावाहनाच्या प्रसंगातून व्हिक्टोरिया १७९५ या वर्षात जाऊन पडते. बार्नाबासचे जोसेटवरील प्रेम, अँजेलिकचा मत्सर व तिचा शाप हे सर्व प्रेक्षक आता प्रत्यक्ष पाहतो. जे सूचित होते ते वाच्य झाले. या भागाची नाट्यगुणसंपन्नता निर्विवाद आहे. तथापि तेथे भयानकाची जागा करुणाने घेतली. पुढे १८९७, समांतर काळ, १८४० अशी स्थलांतरे होत गेली. लांडगारूपी मानव आणि चेटकिणी नित्याच्या झाल्या. बार्नाबासचे रहस्य जाणणारी डॉक्टर ज्युलिया हॉफमन त्याची जिवलग सहकारी बनली. ज्याच्याविषयी सर्व ठाऊक झाले, त्याच्या बोलण्यात दुसरा अर्थ उरत नाही. भय बोथट झाले ते पुनरावृत्तीमुळे नव्हे, तर स्पष्टीकरणामुळे. पुनरावृत्तीने उलट पहिल्या वर्षी ते पोसले होते, कारण खोट्या नातेसंबंधाची तीच वाक्ये रोज नव्या श्रोत्यापुढे उच्चारावी लागत.

अखेरचा भाग या दृष्टीने लक्षणीय आहे. १८४१ च्या समांतर काळातील कथेत मानेवर दंशाच्या खुणा दिसतात, आणि एक त्रयस्थ निवेदक सांगतो की त्या खरोखरच एका जनावराच्या होत्या. उरलेल्या आयुष्यांचा गोषवारा तो भूतकाळात देतो. येथे तृतीय पुरुष हा केवळ तृतीय पुरुष आहे. त्याच्याआड कोणी ‘मी’ दडलेला नाही. मालिका तेथे संपली. तिच्यातील भय मात्र त्यापूर्वीच, तो ‘मी’ सर्वांना ज्ञात झाला त्या दिवशी, संपले होते.