'अस्सल मालवणी' म्हणजे नक्की काय?

मंडळी, मालवणी जेवणाचा विषय निघाला की आपण पहिला शब्द उच्चारतो तो 'अस्सल'. मुंबई-पुण्याच्या खानावळींच्या पाट्यांवरही तोच. आज आपण हा शब्द जरा तपासून बघू.

अस्सल म्हणजे जुनं, असं धरलं तर पंचाईत होते. मालवणी मसाल्याचा जीव जिच्यात, ती मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज १४९८ मध्ये या बाजूला आले, त्यांच्या व्यापारातून ती पुढे इथे रुजली. काजूचंही तसंच. त्याआधी तिखटपणासाठी मिरी होती. बरं, अस्सल म्हणजे इथल्या मातीतलं म्हणावं, तर कोकम आणि तिरफळ उरतात. तेवढ्यानं ताट भरत नाही.

आपल्या दर्शनांत 'हा तोच देवदत्त' असं एक उदाहरण येतं. काळ बदलला, ठिकाण बदललं, तरी आपण माणूस ओळखतो. कशावरून? जेवणापुरतं आम्ही असं म्हणू, की जिन्नसांच्या आपसातल्या आणि ऋतूशी असलेल्या नात्यावरून. पावसाळ्यात समुद्र खवळतो, होड्या किनाऱ्याला लागतात. म्हणून उन्हाळ्यातच मासळी वाळवायची, कोकमं सुकवायची, आगोटीची बेगमी करायची. उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेला सुका बांगडा या हिशेबातून आले. मिरची या हिशेबात बसली, म्हणून ती आपली झाली.

हॉटेलातल्या थाळीवर आमचा आक्षेप आहे तो इथे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, पण थाळीत पापलेट बारमाही. पेज मात्र नाही, कारण ती गरिबाची! शिवाय सारस्वत, भंडारी, गाबीत, मराठा अशी निरनिराळी स्वयंपाकघरं एकाच लाल रश्शात बुडवलेली.

पण आता बघा, घरच्या चवीचे गोडवे गाणारेही सुटत नाहीत. मिक्सरनं वाटणाची चव गेली म्हणणारे बहुतेक वेळा पाट्यासमोर कधी बसलेले नसतात. वरवंटा ओढणारे हात बायकांचे होते, आणि ते कष्ट परंपरेच्या नावाखाली पुन्हा त्यांच्या गळ्यात घालण्याचा आपल्याला अधिकार नाही.

तेव्हा पाटा गेला तर खुशाल जाऊ द्या. जुलैमध्ये पाहुण्याच्या ताटात सुकट वाढायची मात्र आपल्याला लाज वाटता कामा नये. तिथे लाज वाटली, तर 'हा तोच' असं कशाच्या आधारावर म्हणणार?