गाडी थांबते कुठे? छोट्या औद्योगिक रेल्वे-मांडणीविषयी

छोट्या आगगाडीचा विषय निघाला की पुण्यातलं कोथरूडचं जोशी रेल्वे संग्रहालय हमखास आठवतं. भाऊसाहेब जोशींचं हे जग 1 एप्रिल 1998 रोजी लोकांसाठी खुलं झालं. दिवे मंद होतात, रात्र पडते, सिग्नल बदलतात आणि सर्कस, रोपवे, उड्डाणपूल यांच्यामधून गाड्या धावू लागतात. ते पाहताना मोठी माणसंही लहान होतात. पण तिथली मजा धावण्यात आहे. ज्याच्याकडे घरात जेमतेम चार फूट लांबीची फळी आहे, त्याची गाडी धावणार कुठे? ती थांबणार. म्हणून आम्ही असं म्हणतो की छोट्या मांडणीची परीक्षा इंजिनावर होत नाही. गाडी ज्या इमारतीपाशी थांबते, तिच्यावर होते.

ॲलन राइट या इंग्रज छंदिष्टाची ‘इंगलनूक’ मांडणी जगभर लोकप्रिय आहे. तीन रूळ, त्यांवर पाच, तीन आणि तीन डबे मावतात. एकूण आठ डब्यांतले पाच ठरलेल्या क्रमाने जोडायचे. डाव झकास आहे, पण अमुक डबा आधी का, याचं उत्तर एवढंच की तशी चिठ्ठी निघाली. आता त्याच तीन रुळांपैकी एकाला रुईच्या गाठींचा फलाट द्या, दुसऱ्याला सरकीचं गोदाम, तिसऱ्याला इंजिनासाठी कोळसा उतरवायची जागा. लगेच क्रमाला कारण मिळतं. इमारत ही सजावट नव्हे, ती गाडीच्या येण्याचं कारण आहे.

आपल्या जिल्ह्याला तर हा विषय परका नाही. मूर्तिजापूर-यवतमाळ ही 113 किलोमीटरची शकुंतला कापसासाठीच बांधली गेली, आणि 1994 पर्यंत ती वाफेवर चालली. तिच्या रुळांमधलं अंतर 762 मिलिमीटर. 1:87 या प्रमाणात ते पावणेनऊ मिलिमीटर होतं, आणि बाजारात 9 मिलिमीटरचा रूळ तयार मिळतो. ब्रॉडगेजचं मात्र तसं नाही. तिथे 19 मिलिमीटरहून थोडं जास्त हवं असतं आणि लोक साडेसोळावर भागवतात. म्हणजे शकुंतलेचं मॉडेल जवळजवळ तंतोतंत होऊ शकतं.

अडचण येते ती इमारतींची. साठ मीटरची जिनिंगची शेड याच प्रमाणात 69 सेंटिमीटर होते. निम्म्याहून जास्त फळी तिथेच संपली! मग काय कापायचं? इथे बहुतेक मांडण्या चुकतात, असं आमचं मत आहे. धुराडं ठेवतात, पाटी ठेवतात, टिनावर हौसेने गंज चढवतात आणि आवार कापतात. खरं तर उलटं करायला पाहिजे. शेडची फक्त दर्शनी भिंत मागच्या पडद्याला चिकटवून द्या, दोन सेंटिमीटर खोलीची. वाचलेली सगळी जागा आवाराला द्या, कारण काम आवारात असतं. कापसातून वजनाने साधारण एक तृतीयांश रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. म्हणजे सरकीचा ढीग ठसठशीत दिसला पाहिजे. 170 किलोची गाठ म्हणजे सुमारे 14 मिलिमीटर लांबीचा ठोकळा. ती उचलायला दोन-तीन माणसं दाखवा. तारांवर, बाभळीवर कापसाचे पुंजके अडकलेले दाखवा. ते गंजापेक्षा जास्त बोलतात.

आणि रांग. 1972 मध्ये एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली. त्यानंतरच्या काळातल्या बंड्यांच्या रांगा इथल्या जुन्या माणसांना सांगायला नकोत. काट्यासमोर ताटकळलेले बैल, बंडीखाली पांघरूण घेऊन झोपलेला शेतकरी, ग्रेडर कापूस हातात घेतो तेव्हा त्याच्या तोंडाकडे पाहणारा बाप. बैलांसकट बंडी पाच मीटर धरली तर मॉडेलमध्ये पावणेसहा सेंटिमीटर भरते. दहा बंड्या म्हणजे जवळजवळ अर्धी फळी! कुणी म्हणेल, एवढी जागा नुसतं थांबण्याला? हो, तेवढीच. रांग काढून टाकली तर राहतं ते गोंडस इंजिन, आणि कापूस जणू आपोआप डब्यात चढला असा भास. माणूस या प्रमाणात 19 मिलिमीटरचा असतो, म्हणून काय तो वगळायचा?

वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाच्या निमित्ताने उमरखेडमध्ये रेल्वेचं बोलणं रोजचं झालंय. उद्या इथली पोरं घरात मॉडेल करतील तेव्हा परदेशी डब्यातून आलेलं तयार स्टेशन मांडतील, की पोफाळीच्या साखर कारखान्यासमोरच्या उसाच्या गाड्या, हळदीची पोती आणि जिनिंगचं आवार? कौशल्य दोन्हीकडे सारखंच लागतं. फरक एवढाच, की दुसऱ्या मांडणीसाठी आधी आवारात जाऊन उभं राहावं लागतं. माल कुठून आत येतो, कोण उचलतो, कोण किती वेळ थांबतो, हे पाहावं लागतं. तेव्हा आमचं सांगणं एवढंच: रूळ ठोकण्याआधी फळीवर रांगेची जागा खडूने आखून घ्या.