५५० विरुद्ध ५७०: लंगोट-डायपरचा अहवाल वाचताना

बाळाला कापडी लंगोट बरे की वापरून फेकायचे डायपर, हा वाद निघाला की कुणीतरी एक वाक्य टाकतंच: "ब्रिटनमध्ये अभ्यास झालाय, दोन्हींचा पर्यावरणावरचा परिणाम सारखाच आहे." हे वाक्य खोटं नाही. पण ज्या अहवालाच्या जोरावर ते म्हटलं जातं, तो बहुतेकांनी पहिल्या पानापलीकडे वाचलेला नसतो. संशोधनाकडे वळणाऱ्यांसाठी हा अहवाल चांगला धडा आहे, म्हणून आज त्याची जरा चिरफाड करू.

आधी थोडी पार्श्वभूमी. एखादी वस्तू कच्च्या मालापासून कचऱ्यात जाईपर्यंत किती ऊर्जा, पाणी खाते आणि किती प्रदूषण करते, याचा हिशेब मांडण्याच्या पद्धतीला लाइफ सायकल असेसमेंट म्हणतात. मराठीत जीवनचक्र मूल्यांकन. १९९०-९१ च्या सुमारास अमेरिकेत डायपरवर असे अभ्यास झाले. डायपर उत्पादकांनी करवून घेतलेले अभ्यास डायपरची बाजू सावरून धरत होते. कापडी लंगोट धुऊन घरपोच देणाऱ्या व्यावसायिकांच्या संघटनेने करवून घेतलेला अभ्यास कापडाच्या बाजूने गेला. यात आकडे खोटे घातले होते असं समजायचं कारण नाही. गृहीतकं निवडताना हात कुठे झुकतो, त्यावर उत्तर झुकतं.

म्हणून ब्रिटनच्या एन्व्हायर्नमेंट एजन्सी या सरकारी संस्थेने अभ्यास करवून घेतला, तेव्हा त्याचं महत्त्व वाटलं. पहिला अहवाल २००५ चा. निष्कर्ष असा, की दोन्हींत लक्षणीय फरक नाही. त्यावर भरपूर टीका झाली. कापड वापरणाऱ्या पालकांचा नमुना डायपरवाल्यांच्या मानाने फार लहान होता, आणि त्यांच्या धुण्याच्या सवयींवरून 'सरासरी' काढली होती. मग २००८ मध्ये सुधारित अहवाल आला. मूल अडीच वर्षांचं होईपर्यंतचा हिशेब असा: डायपर वापरले तर सुमारे ५५० किलो कार्बन डायऑक्साइडइतका हरितगृह वायूंचा भार, कापडी वापरले तर सुमारे ५७०.

बातमी इथेच थांबते. अहवाल मात्र पुढे जातो, आणि त्यातला कामाचा भाग तिथूनच सुरू होतो. मशीन पूर्ण भरून धुतलं, कपडे बाहेर दोरीवर वाळवले आणि तेच लंगोट दुसऱ्या मुलालाही वापरले, तर कापडाचा आकडा सुमारे २०० किलोंनी खाली येतो. उलट ९० अंशांच्या पाण्यात धुतले आणि दरवेळी टंबल ड्रायरमध्ये वाळवले, तर तो सुमारे ४२० किलोंनी वर जातो. म्हणजे एकाच कापडाचा भार ३७० ते ९९० किलोंच्या दरम्यान कुठेही असू शकतो. दोन पर्यायांमधला फरक २० किलोंचा, आणि एका पर्यायाच्या आतला फरक ६२० किलोंचा. जवळजवळ तीसपट!

आता सांगा, या अहवालाचा निष्कर्ष काय? "दोन्ही सारखे" हा नक्कीच नाही. "कापडाचा भार धुण्यावर ठरतो" हा आहे. डायपरचा भार मुख्यतः कारखान्यात आणि कच्च्या मालात ठरून येतो, पालकांच्या हातात फारसं काही उरत नाही. कापडाचा भार घरी ठरतो. माझी पहिली तक्रार इथे आहे. ज्या अहवालाचा खरा शोध फैलावात आहे, त्याने सरासरी पुढे केली. सेन्सिटिव्हिटी ॲनालिसिस नीट केलं, पण डोळ्यांत भरतील असे दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवले. लोक तेच उचलणार, हे उघड होतं.

दुसरी गोष्ट काळाची. ब्रिटनमध्ये २००८ साली सुमारे एक तृतीयांश वीज कोळशावर होत होती, पुढच्या बारा-पंधरा वर्षांत तो वाटा जवळपास संपला. २०२३ मध्ये ब्रिटिश सरकारच्या पर्यावरण खात्याचा नवा अहवाल आला. त्यात कापड सुमारे ३४५ किलो आणि डायपर सुमारे ४५७, म्हणजे कापडाचा भार साधारण २५ टक्के कमी. अर्थात हा फक्त हरितगृह वायूंचा हिशेब. पाणी किंवा कापसाच्या शेतीचे परिणाम मोजायला घेतले, की चित्र इतकं सरळ राहत नाही. तरी २००८ चा निष्कर्ष आज वर्तमानकाळात सांगणं चूकच.

तिसरी गोष्ट जागेची, आणि आपल्याला ती सगळ्यात जास्त लागू आहे. समजा तुम्हाला हाच अभ्यास सोलापूर किंवा चिपळूणसाठी करायचाय. पहिलाच प्रश्न: अडीच वर्षं हे फंक्शनल युनिट चालेल का? आपल्याकडे कित्येक घरांत बाळाला लहानपणापासूनच पायावर बसवून शी-शूची सवय लावतात. दुसरं, लंगोट विकत आणलेत की आजीच्या जुन्या सुती साडीतून फाडलेत? साडीचं आयुष्य संपलं असेल, तर तिच्या कापसाचा भार लंगोटावर टाकायचा की नाही, हे आधी ठरवावं लागेल. तिसरं, बहुतेक घरांत 'हे की ते' असं नसतंच. घरी लंगोट, आणि प्रवासात नाहीतर रात्री डायपर. मग तुलना कशाची कशाशी करणार?

पुसायच्या फडक्यांचंही तसंच. ओले वाइप्स वापरून टाकून देतात, आणि त्यातल्या अनेकांत प्लास्टिकचे धागे असतात. त्याऐवजी सुती चौकोन वापरले तर ते लंगोटांबरोबरच धुतले जातात. भरत आलेल्या मशीनमध्ये दहा-बारा फडकी जास्त पडली म्हणून वीज फारशी वाढत नाही. पण फडक्यांचा हिशेब स्वतंत्र धुण्याचा धरला, तर तीच फडकी महाग दिसतील. सिस्टिम बाउंडरी कुठे आखता, यावर उत्तर बदलतं, ते असं.

शेवटची तक्रार एका अहवालाबद्दल नाही, पद्धतीबद्दल आहे. आपल्याकडे लंगोट हाताने, साध्या पाण्यात धुतले आणि उन्हात वाळवले, तर विजेचा भार जवळपास नाहीसा होतो. कागदावर कापड सहज जिंकतं. पण धुतं कोण? बहुतेक वेळा बाळंतपणातून नुकती उठलेली आई, तिची आई किंवा सासू, नाहीतर घरकामाच्या मावशी. त्यांचे तास या हिशेबात शून्य धरले जातात. तसंच दुसऱ्या बाजूला, कचऱ्यातला वापरलेला डायपर हाताळणाऱ्या बाईचा त्रासही कुठल्याच रकान्यात येत नाही. पुण्यात कचरावेचक महिलांना असा कचरा कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढून द्या, अशी मोहीम चालवावी लागली. २०१६ च्या घनकचरा नियमांतही डायपर गुंडाळून वेगळे द्यायला सांगितलं होतं. दोन्हीकडे बाईचं काम मोजायचं राहून जातं, आणि मग "पर्यावरणपूरक काय" याचं उत्तर तिला न विचारताच दिलं जातं.

तेव्हा असा अहवाल हाती आला, की निष्कर्षाआधी चार गोष्टी शोधा: पैसे कुणी दिले, एकक काय धरलं, सरासरीभोवतीचा फैलाव किती, आणि काय मोजलंच नाही. आपल्या विषयातला एक गाजलेला अहवाल घ्या आणि या चार प्रश्नांची उत्तरं एका पानावर लिहून काढा. चौथ्याचं उत्तर अहवालात सापडणार नाही, ते तुम्हालाच शोधावं लागेल. बऱ्याचदा तुमच्या प्रस्तावाचा विषय तिथेच मिळतो.